ऑप्शनला टाका म्हणणाऱ्या सरांना

सर,

तुमचा कागद माझ्यासमोर आहे. बारावी गणिताच्या दोन्ही पुस्तकांतल्या पंधरा धड्यांची छापील यादी, त्यातल्या पाच धड्यांसमोर जाड फुली आणि खाली सूचना : 'हे ऑप्शनला टाका.' माझी भाची हा कागद चौघडी करून कंपासपेटीत ठेवते, अंगाऱ्याची पुडी ठेवावी तसा. महाडला तुमचं व्याख्यान ऐकून आली त्या संध्याकाळी तिने तो मला दाखवला. म्हणाली, "मावशी, सरांनी टेन्शनच संपवलं."

तुम्ही मला ओळखणार नाही. सतरा वर्षांपूर्वी तुमच्या क्लासमध्ये खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर मी बसायचे. तेव्हा ही यादी तुम्ही फळ्यावर लिहायचात, आता छापून वाटता. तेव्हा पेपरचा आराखडा वेगळा होता, पुस्तकं वेगळी होती. फुल्या मात्र जवळपास त्याच जागी आहेत. सतरा वर्षांत तुम्ही एक धडासुद्धा त्या फुलीखालून बाहेर काढला नाहीत, म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं असं लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही. ज्यांच्या मुलांकडे असा कागद आहे ते तुम्हाला ओळखतील.

तुमच्या हिशेबापासून सुरुवात करते, कारण तो हिशेब चोख आहे. लेखी पेपर ८० गुणांचा. पहिल्या विभागात २० गुण, तिथे पर्याय नाही. पुढे दोन-दोन गुणांचे बारा प्रश्न, त्यांतले आठ सोडवायचे. तीन-तीन गुणांचे बारा, त्यांतले आठ. चार-चार गुणांचे आठ, त्यांतले पाच. छापील प्रश्नांची बेरीज ११२. म्हणजे ३२ गुणांचे प्रश्न न वाचताही पूर्ण ८० चा पेपर लिहिता येतो. व्याख्यानात तुम्ही हे फळ्यावर मांडलंत तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या, असं भाचीने सांगितलं. बोर्डाचा आराखडा तुमच्याइतका बारकाईने या तालुक्यांत कोणी वाचला नसेल. आराखड्याच्या पलीकडे जे पुस्तक आहे, ते मात्र तुम्ही मुलांना वाचू दिलं नाहीत.

फुल्या कशावर आहेत? व्हेक्टर्स. लाइन अँड प्लेन. डेफिनिट इंटिग्रेशन. त्याचं ॲप्लिकेशन. डिफरन्शिअल इक्वेशन्स. पंधरातले पाच, म्हणजे एक तृतीयांश पुस्तक. आणि तुम्ही गणिताचे शिक्षक आहात, तेव्हा हे धडे भाजीच्या जुड्यांसारखे सुटे नसतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. व्हेक्टर सोडला की लाइन अँड प्लेन वाचताच येत नाही. डेफिनिट इंटिग्रेशन सोडलं की प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्यूशनचा अर्धा धडा कळत नाही, कारण सलग चलाची संभाव्यता म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळच असतं. त्या धड्यावर तुम्ही फुली मारलेली नाही. तो अर्धा धडा मुलांनी कसा करायचा? 'पाठ करा' असं तुम्ही सांगता, हे मला माहीत आहे, कारण मी तो पाठ केला होता.

शेजारच्या तासाला काय होतं तेही बघा. फिजिक्सच्या ऑसिलेशन्सच्या धड्यात सिंपल हार्मोनिक मोशनचं डिफरन्शिअल इक्वेशन येतं. केमिस्ट्रीत फर्स्ट ऑर्डर रिॲक्शनचं सूत्र येतं, ते इंटिग्रेशनमधूनच निघतं. तुमची मुलं तिथे बसून सूत्र उतरवून घेतात. फिजिक्सचे सर म्हणतात, हे गणितात शिकवतील. गणितात तुम्ही फुली मारलेली. ते समीकरण वर्षभर दोन वर्गांच्या मधल्या व्हरांड्यात उभं राहतं आणि कोणीच त्याला आत घेत नाही.

मग सीईटी. तिथे गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, दीड तास. एका प्रश्नाला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. चाळीस प्रश्न बारावीवर, दहा अकरावीवर. तिथे पर्याय नसतो. बोर्डात ८० पैकी ७० मिळवलेलं मूल सीईटीच्या संगणकासमोर बसतं आणि तुमच्या पाच फुल्या पडद्यावर एकामागून एक येत राहतात. निकाल लागला की तुम्ही पालकांना सांगता, "ग्रामीण भागातल्या मुलांना सीईटी जड जाते." सर, त्या मुलांचं पुस्तक एक तृतीयांश कापून कोणी दिलं?

तुमच्या बाजूचं जे खरं आहे तेही लिहायला हवं. वस्तीची गाडी पहाटे निघते. ती चुकली तर पोलादपूरच्या आतल्या गावातल्या मुलीचा दिवस गेला. जुलै-ऑगस्टमध्ये दरड आली की दोन-दोन दिवस रस्ता बंद. वीज जाते. घरात आजी-आजोबा, आईबाप मुंबईला. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल अकरावीला विज्ञान घेतं आणि जूनच्या पहिल्याच तासाला सगळं इंग्रजीत सुरू होतं. शंभर-सव्वाशे मुलांचा वर्ग, फळा मागच्या बाकावरून दिसत नाही. या मुलांना ओझं हलकं करून हवं असतं, आणि हलकं करणारा माणूस त्यांना देवासारखा वाटतो. हे सगळं मी भोगलं आहे, म्हणून मी ते थट्टेवारी नेणार नाही.

पण भाषेच्या अडचणीचा उपाय तुमच्या हातात होता. दहावीच्या निर्देशक भूमितीत 'रेषेचा चढ' शिकवतात. वर्तुळाच्या धड्यात स्पर्शिका शिकवतात. अकरावीत डेरिव्हेटिव्ह म्हणजे वक्राच्या स्पर्शिकेचा चढ, इतकं एक वाक्य मराठीत बोलायला किती वेळ लागतो? आमच्या मुलांना चढ कळत नाही असं कोणी म्हणू नये. कुडपणला पायी गेलेल्या, आंबेनळी घाटातून आलेल्या मुलीच्या पोटऱ्यांना चढ कळतो. कुठे चढ वाढतो, कुठे तो कमी होत जातो, माथ्यावर तो शून्य होतो आणि तिथून उतार लागतो. मॅक्सिमा म्हणजे हाच माथा. तिला फक्त एवढं सांगायचं होतं की जे पायांना माहीत आहे त्यालाच इथे चिन्ह दिलं आहे.

आणि मराठीत कॅल्क्युलस सांगता येत नाही असं म्हणू नका. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत या विषयावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'शून्यलब्धी'. अंतर शून्याकडे नेत नेत जे लाभतं ते. 'दर्पण' काढणारा हा कोकणातला माणूस, त्याला आपल्या भाषेत हा विषय मांडावासा वाटला. तुमच्या क्लासमध्ये मला दोन वर्षांत हा शब्द एकदाही ऐकायला मिळाला नाही. तो मला तिशी उलटल्यावर समजला, आणि त्या दिवशी मला राग आला. तुमचा आणि माझाही.

आता माझं सांगते.

बारावीला मला गणितात चांगले गुण मिळाले. तुमच्या फळ्यावर त्या वर्षी माझं नाव होतं. मुंबईकडच्या एका कॉलेजात सिव्हिलला प्रवेश मिळाला. दुसऱ्या सेमिस्टरला गणिताचा दुसरा पेपर, एम-टू. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी फळ्यावर दोन इंटिग्रेशनची चिन्हं शेजारी शेजारी काढली आणि म्हणाल्या, एक तर तुम्ही बारावीत केलंच आहे, आता दुसरं. वर्गातल्या मुली माना हलवत होत्या. मी चिन्हाच्या वर आणि खाली लिहिलेल्या आकड्यांकडे बघत बसले. ते आकडे तिथे का असतात हे मला माहीत नव्हतं. मर्यादा म्हणजे काय, कुठून कुठपर्यंत, काहीच नाही. मी त्या धड्यासमोर फुली मारलेली होती आणि पुस्तक बारावीच्या निकालानंतर रद्दीत घातलं होतं.

एम-टूला के.टी. लागली, म्हणजे विषय राहिला. दुसऱ्यांदाही लागली. बाबा मुंबईत वॉचमनची नोकरी करायचे. परीक्षेची फी पुन्हा भरायची म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "बारावीत तर तुला गणितात एवढे मार्क होते ना गं?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे, म्हणून ते तुम्हाला लिहिते आहे. त्या वर्षी एक कंपनी कॉलेजात आली होती. जिवंत के.टी. असलेल्यांनी फॉर्म भरायचा नव्हता. मी भरला नाही. मग मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बारावीचं गणिताचं पुस्तक पुन्हा विकत घेतलं आणि हॉस्टेलच्या खोलीत तुमची फुली असलेले धडे पहिल्या पानापासून वाचले. तीन आठवडे लागले. सर, फक्त तीन आठवडे. ते धडे कठीण नव्हते. कोणीतरी बरोबर बसायला हवं होतं, एवढंच. तिसऱ्या वेळेला मी सुटले, पण मनातून ती लाज जायला फार वर्षं लागली. मी मठ्ठ आहे असं मी तोवर मानून चालले होते.

हे मी माझ्या एकटीचं रडगाणं म्हणून सांगत नाही. महाडहून माणगावकडे जाताना लोणेरे लागतं, तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. आमच्या मुलांसाठी ते घरच्या अंगणात आहे, एसटीच्या पासावर जाता येईल इतकं जवळ. एवढं मोठं दार आपल्या महामार्गावर उघडं आहे, आणि त्या दारातून आत शिरायला जे धडे लागतात त्यांच्यावरच तुम्ही फुली मारता.

आज मी रस्त्याच्या कामांवर असते. घाटात कटिंग चालू असतं तेव्हा डोंगराची किती माती काढली याचा हिशेब करावा लागतो, कारण पैसे घनमीटरवर मिळतात. दर वीस मीटरवर क्रॉस सेक्शन घ्यायचा, त्याचं क्षेत्रफळ काढायचं, आणि त्या क्षेत्रफळांवरून मधलं घनफळ. समजा शून्यावर १२ चौरस मीटर, वीसवर ३०, चाळीसवर २४. सरळ सरासरी धरली तर ९६० घनमीटर येतात. वक्र धरणाऱ्या सिम्प्सनच्या नियमाने १,०४० येतात. दोन आकड्यांत ८० घनमीटरचा फरक, दहा घनमीटरचा डंपर धरला तर आठ डंपर. कुठला आकडा डोंगराच्या जवळचा, हे डोंगराचा आकार बघून ठरवायचं असतं. मेजरमेंट बुकात कोणता लिहायचा यावर साइटवर भांडणं होतात, आणि ज्याला दोन्ही आकडे कुठून आले ते कळतं त्याचं बोलणं टिकतं. आमच्या गावातल्या माणसांच्या जमिनी रस्त्यात जातात, त्यांची मुलं त्याच रस्त्यावर गड्याचं काम करतात आणि हिशेब दुसराच कोणी लिहितो. हे बदलायचं तर त्या मुलांच्या हातात कोणता धडा हवा, ते तुमच्या यादीत आहे. फुलीसमोर.

याच डोंगरांबद्दल बोलताना माझा आवाज चढतो, तो चढू द्या. २५ जुलै २००५ ला महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला तळीये गेलं, ऐंशीहून जास्त माणसं एका संध्याकाळी. त्याच दिवशी आमच्या पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे. महाड शहरात पाणी घुसलं, बाजारपेठेतल्या दुकानांचे तळमजले बुडले. गणित येत असतं तर ही माणसं वाचली असती, असं म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण पुढच्या पावसाळ्याआधी कुठल्या वाडीला हलवायचं, हे ठरवणारा माणूस इथलाच असावा की नसावा? मातीचा उतार किती अंशांपर्यंत स्वतःच्या घर्षणावर टिकतो, पाणी मुरल्यावर तो कोन किती खाली येतो, रस्त्यासाठी पायथा कापला की वरच्या भाराचं काय होतं, हे सगळं व्हेक्टर आणि चढ यांचं गणित आहे. कोणीतरी बाहेरून येऊन अहवाल लिहितो आणि निघून जातो. त्या अहवालातली आकृती वाचता येईल असं एक माणूस प्रत्येक वाडीत असावं, एवढी माझी मागणी आहे.

पाण्याचंही तसंच. जुलै २०२१ च्या त्या दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत ६०० मिलिमीटरच्या जवळपास पाऊस झाला. एक चौरस किलोमीटरवर ६०० मिलिमीटर म्हणजे साठ कोटी लिटर. सावित्री तिथेच उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते, मग काळ आणि गांधारी तिला भेटतात, आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती असली तर पाणी उतरायला जागा मिळत नाही. नदी दर तासाला किती चढते आणि चढण्याचा वेग वाढतो आहे की कमी होतो आहे, हा डेरिव्हेटिव्हचा प्रश्न. किती पाणी आलं आणि किती गेलं, हा इंटिग्रेशनचा. महाडच्या व्यापाऱ्याला हे प्रश्न रात्री दोन वाजता पडतात, माल माळ्यावर चढवायचा की नाही ते ठरवताना. त्याचा मुलगा तुमच्या क्लासला येतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या गेल्या, माणसं गेली. वर्षाच्या आत नवा पूल झाला. आमच्या मुली महाडच्या कॉलेजला जाताना रोज त्या पुलावरून जातात. पुलाच्या खांबापाशी पाण्याचा जोर किती आणि तळाची माती किती खरवडली जाते, हे कोण मोजतं, असं भाचीने एकदा गाडीत मला विचारलं होतं. ती तेव्हा नववीत होती. हा प्रश्न विचारणारी मुलगी तुमच्याकडे आली आणि तुम्ही तिला सांगितलंत की व्हेक्टर ऑप्शनला टाक.

अजून एक गोष्ट आहे, ती टाळून पुढे जाणार नाही. व्याख्यानाच्या शेवटी तुम्ही मुलींकडे बघून म्हणालात, "गणित झेपत नसेल तर लाजू नका, बायोलॉजी घ्या, नर्सिंग आहे, फार्मसी आहे." बायोलॉजी वाईट नाही, नर्सिंग तर फारच मोठं काम आहे. पण 'झेपत नसेल' हे तुम्ही मुलांच्या रांगेकडे बघून म्हणाला नाहीत. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे, पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसं पाठवणारं. २०२१ पासून मुलींना एनडीएची परीक्षा देता येते. त्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे आहेत, आणि अभ्यासक्रमात व्हेक्टर, इंटिग्रेशन, डिफरन्शिअल इक्वेशन्स सगळं आहे. आंबवड्याची एखादी मुलगी आजोबांची पदकं बघत वाढली असेल आणि खडकवासल्याच्या एनडीएत जाण्याचं ठरवून तुमच्या पहिल्या बाकावर बसली असेल. तिला तुम्ही काय दिलंत?

याच महाड गावात २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. तुमच्या सभागृहापासून ते तळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 'हे तुमच्यासाठी नाही' असं सांगण्याला या गावात एकदा भर उन्हात उत्तर दिलं गेलं आहे. तुम्ही कोणाला जात विचारत नाही, मला माहीत आहे, आणि त्या अन्यायाची बरोबरी मी फुलीशी करत नाही. पण ज्या मुलांच्या घरातलं हे पहिलंच बारावीचं पुस्तक आहे, त्यांच्या कानात 'एवढं तुला कशाला लागतं' हे वाक्य आधीच फार जणांनी घातलेलं असतं. शिक्षकाने तरी ते घालू नये.

कशेडी घाट ओलांडला की खेड, आणि तिथून पुढे दापोली. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचा एक मुलगा १८९९ साली केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झाला, तो मान मिळवणारा पहिला भारतीय. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. तेव्हा ना महामार्ग होता, ना वीज, ना झेरॉक्स. सगळी मुलं रँग्लर होत नाहीत, व्हायची गरजही नाही. पण कोणत्या मुलाला कुठपर्यंत जायचं आहे हे सोळाव्या वर्षी क्लासच्या दारात ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

तुम्ही म्हणाल, पालक निकाल मागतात. मागतात. तुमच्या क्लासबाहेरच्या फलकावर टक्केवारी लागते, तिच्यावर पुढच्या वर्षीचे प्रवेश होतात, त्यावर तुमचं घर चालतं. त्या फलकावर आणखी एक रकाना घाला, अशी माझी मागणी आहे. तुमच्याकडून गेलेल्या किती मुलांना पुढच्या वर्षी गणितात के.टी. लागली, तो आकडा. मुलांना फोन करा आणि विचारा. माझ्या बॅचच्या आमच्या गटात आम्ही सात जणी इंजिनिअरिंगला गेलो होतो. सातपैकी पाच जणींना लागली. दोघींनी शिक्षण सोडलं. त्यातली एक आता सुरतेला असते. मागे गणपतीत भेटली तेव्हा म्हणाली, "मला मॅथ्स कधी जमलंच नाही गं." तिला जमत होतं. लॉजिक आणि मॅट्रिक्समध्ये ती माझ्या पुढे होती. तिच्या हातात पूर्ण पुस्तक कधी आलंच नाही.

तुमच्याकडे वेळ कमी आहे, तर काय करता आलं असतं तेही सांगते. प्रत्येक धड्याच्या पहिल्या चार पानांत मूळ कल्पना असते. ती प्रत्येक मुलाला समजली पाहिजे, पंधराच्या पंधरा धड्यांची. त्यानंतर परीक्षेसाठी कोणते प्रश्न जास्त घोटायचे ते तुम्ही ठरवा, त्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. प्रश्न ऑप्शनला टाकता येतो. धडा टाकता येत नाही. आणि मुलांना हे खरं सांगा की बोर्डाने पर्याय दिला आहे तो परीक्षेच्या तीन तासांपुरता, शिकण्याच्या दोन वर्षांसाठी नाही.

भाचीशी माझं भांडण झालं. ती दोन दिवस बोलली नाही. तुमच्यावर तिचा विश्वास आहे आणि मावशी के.टी.वाली. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, गाडी आली नाही, तेव्हा मी तिला पडवीत बसवलं. शेजारची तीन मुलं आली. पन्हळीखाली एक लिटरचं माप धरायचं, किती सेकंदांत भरतं ते मोजायचं आणि पाणी पिंपात ओतायचं, मग पन्हळ पुन्हा पिंपात सोडायची. दर दहा मिनिटांनी मोजायचं. आधी मिनिटाला २ लिटर, मग ५, मग ८, मग ४, शेवटी पाऊस ओसरला तेव्हा १. चाळीस मिनिटं. मग मी विचारलं, पिंपात न बघता सांगा, पाणी किती जमलं?

आलेख काढायला कागद हवा होता. तिने कंपासपेटीतून तुमचा कागद काढला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिने अक्ष काढले, पाच बिंदू मांडले, ते जोडले, आणि रेषेखालच्या जागेचे तिने स्वतःहून पट्टे पाडले, मी सांगितलं नव्हतं. बेरीज १८५ लिटर आली. मी तिला सिम्प्सनचा नियम दाखवला, तेव्हा १८३ आली. मग पिंपात काठी घातली. १८० च्या थोडी वर. ती बराच वेळ काठीवरच्या ओल्या खुणेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, हे डेफिनिट इंटिग्रेशन आहे?"

रविवारी सकाळी आता नऊ मुलं येतात. व्हेक्टर सुरू केलं आहे. तुमचे आणखी काही कागद मुलांनी आणून दिले आहेत. मागची बाजू सगळ्यांची कोरी आहे, आम्हाला पुरतात.

तुमची जुनी विद्यार्थिनी,
पोलादपूर